टॉनिकनं पराटी वाढली का? सात वावरांतल्या एका प्रयोगाचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब-राळेगाव पट्ट्यातलं एक गाव. कोरडवाहू कपाशी (इकडं तिला पराटी म्हणतात), मधूनमधून तुरीची ओळ, नाल्याकाठी काळी कसदार जमीन आणि वर टेकडीकडे बरड. गावात शेतकऱ्यांचा एक गट आहे. तालुक्याच्या एका कृषी केंद्रवाल्यानं या गटापुढं प्रस्ताव ठेवला: आमचं पीक टॉनिक यंदा वापरून पाहा, फरक दिसला तर पुढच्या खरिपात सगळ्यांनी मिळून घ्या, भाव कमी करतो. पुरावा म्हणून त्यानं ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वावरातला प्रात्यक्षिक प्लॉट दाखवला. टॉनिकच्या बाजूला झाडामागं सरासरी ४२ बोंडं, पलीकडं ३१. दोनशे झाडं मोजली होती. फोटो होते, व्हिडिओही होता.

निम्मा गट तिथंच नाव नोंदवायला तयार होता. मागं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "अन् नाला कोन्या अंगानं हाय?"

नाला टॉनिकच्या अंगानं होता.

हे प्रकरण संशोधन पद्धतीच्या वर्गात चर्चेसाठी बेतलेलं आहे. गाव, माणसं आणि कापसाची वजनं कल्पित आहेत. अडचणी मात्र कपाशीच्या कुठल्याही वावरात भेटतात त्याच. प्रयोगाची आखणी हा एक धडा आणि संशोधनाची नीतिमत्ता हा दुसरा, अशी पुस्तकी विभागणी वावरात टिकत नाही, हे दाखवण्यासाठी ते वापरलं जातं. आखणीतला प्रत्येक निर्णय कुणाच्या तरी पदरात काहीतरी टाकतो: कुणाला काम, कुणाला तोटा, कुणाला धोका. तो कुणाला, हे आधी विचारलं नाही तर नंतर विचारून उपयोग नसतो.

प्रात्यक्षिकात नेमकं काय दिसलं होतं

नाल्याची ओल ही पहिली भानगड. दुसरी थोडी उकरल्यावर निघाली. टॉनिक मारताना त्याच पंपात १९:१९:१९ हे विद्राव्य खतही टाकलं होतं, "दोन्ही संगं मारलं की चांगलं लागते" म्हणून. पलीकडच्या बाजूला काहीच मारलं नव्हतं. म्हणजे दोन बाजूंत फरक तीन होते: जमीन, खत आणि टॉनिक. ११ बोंडांचं श्रेय मात्र एकट्या टॉनिकला गेलं.

तिसरी भानगड जरा नाजूक आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थीही तिथं घसरतात. दोनशे झाडं मोजली, म्हणजे नमुना मोठा, असं वाटतं. पण ती दोनशे झाडं एकाच तुकड्यात, एकाच ओलीवर, एकाच माणसाच्या देखरेखीखाली उभी होती. टॉनिक दोनशे वेळा दिलं गेलं नव्हतं, एका तुकड्याला दिलं गेलं होतं. त्यामुळं ‘टॉनिकनं फरक पडतो का’ या प्रश्नाचं उत्तर तिथं एकदाच मिळालं होतं, दोनशे वेळा नाही. पुनरावृत्ती म्हणजे तीच उपाययोजना वेगवेगळ्या तुकड्यांवर स्वतंत्रपणे पुन्हा करणं. एकाच तुकड्यातली झाडं मोजत बसलं की त्या तुकड्याची सरासरी बारकाईनं कळते, टॉनिकबद्दल काही कळत नाही.

आणि बोंडं कशाला मोजायची? बोंडं गळतात, सडतात, किडतात. शेतकऱ्याला पैसा मिळतो तो काट्यावरच्या कापसाचा.

जमिनीच्या या कुरापतीवर उपाय शोधला गेला तो शेतातच. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात दाखल झाले, तेव्हा तिथं वर्षानुवर्षांच्या खतप्रयोगांच्या नोंदींचा ढीग पडला होता. एका वावराचे दोन तुकडे कधीच सारखे नसतात, आणि ते सारखे करताही येत नाहीत, हे त्यांनी गृहीतच धरलं. मग करायचं काय? साधारण सारखे तुकडे एका ठोकळ्यात बांधायचे, ठोकळ्याच्या आत कुठल्या तुकड्याला काय द्यायचं हे नशिबावर सोडायचं, आणि असे ठोकळे अनेक करायचे. आज औषधांच्या चाचण्यांत यादृच्छिक वाटप म्हणून जे मिरवलं जातं, त्याचं मूळ या मातीत आहे.

सात वावरं, तीन तुकडे

गटातल्या एका शेतकऱ्याची मुलगी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करत होती. सुट्टीत ती घरी आली आणि तिनं आराखडा मांडला.

तुलना दोनची नको, तीनची हवी. पहिल्या तुकड्यावर नुसतं पाणी फवारायचं, दुसऱ्यावर १९:१९:१९, तिसऱ्यावर १९:१९:१९ आणि टॉनिक, दुकानदार सांगतो त्याच मात्रेत. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक तेवढा टॉनिकचा. ‘नुसतं पाणी कशाला, काहीच नको मारू’ असं काहींचं म्हणणं पडलं. पण फवारणारा माणूस ओळींतून फिरतो, फांद्या मोडतात, पात्या (कळ्या) गळतात. शिवाय ज्या तुकड्यात माणूस जातो तिथली कीड त्याच्या लवकर नजरेस पडते. हे सगळं तिन्हीकडं सारखं व्हावं म्हणून पाणी.

सात शेतकऱ्यांची वावरं घेतली. प्रत्येक वावर हा एक ठोकळा, प्रत्येकात तीन तुकडे. सातच का? सात ठोकळे आणि तीन उपाय धरले तर तुकड्यांतला आपोआपचा चढउतार अजमावायला ६ गुणिले २, म्हणजे १२ स्वातंत्र्यांश (एकमेकांपासून स्वतंत्र असे फरक) उरतात, आणि कृषी संख्याशास्त्र शिकवणारे बाराच्या खाली जाऊ नका असं सांगत आले आहेत. ओळींतलं अंतर चार फूट. प्रत्येक तुकड्यात बारा तासं (ओळी), त्यांपैकी कडेचं एकेक तास सोडून मधल्या दहा तासांचाच कापूस मोजायचा, कारण फवारा वाऱ्यानं शेजारी उडतो. मोजायचा भाग बरोबर दोन गुंठे ठेवला, म्हणजे वजनाला वीसनं गुणलं की एकरी हिशोब.

प्रश्न पेटला तो चिठ्ठ्यांवर. तुकडे आखून झाल्यावर प्रत्येक वावरात, मालकासमोर, शाळेतल्या पोराकडून चिठ्ठी काढायची असं ठरलं. एकाला टॉनिक नाल्याकडच्या तुकड्यावर हवं होतं: "बरडावर टाकून वाया काहून घालवता?" दुसऱ्याला ते बरडावरच हवं होतं, कारण गरज तिथंच आहे. दोघांचंही शेतकरी म्हणून बरोबर होतं. पण पहिल्याचं ऐकलं असतं तर टॉनिक फुकट जिंकलं असतं आणि दुसऱ्याचं ऐकलं असतं तर फुकट हरलं असतं. या गावात ते पटवायला फार वेळ लागला नाही, त्याचं कारण गमतीदार आहे. पीकविम्याच्या कापणी प्रयोगात तुकडा कुठं पडणार हे तलाठी किंवा कृषी सहायक स्वतःच्या मर्जीनं ठरवत नाही, यादृच्छिक आकड्यांनी ठरतं, हे सगळ्यांना माहीत होतं. चांगला भाग निवडला तर विमा बुडतो, हेही माहीत होतं. भारतात कापणी प्रयोगाची ही रीत रुजवण्यात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. गटातल्या कुणाला ही नावं ठाऊक नसतील. रीत मात्र अंगवळणी पडलेली होती.

‘काय मोजायचं’ हेही आधीच कागदावर घेतलं: तिन्ही वेचण्या मिळून दोन गुंठ्यांतला कापूस, किलोमध्ये. उंची, पानांचा हिरवेपणा आणि बोंडांची संख्या पाहायला हरकत नाही, पण निकाल कापसावर. दहा गोष्टी मोजल्या की एखादी तरी टॉनिकच्या बाजूनं निघतेच, आणि मग जाहिरातीत तेवढीच छापली जाते.

सही कुणाची घ्यायची

संमतीच्या कागदावर सही सातबाऱ्यावरच्या नावाची घ्यायची, असं गटाच्या सचिवानं गृहीत धरलं होतं. सातपैकी एका वावराचे मालक नागपूरला राहतात. त्यांनी फोनवर "घ्या करून" म्हटलं, व्हॉट्सअ‍ॅपवर सहीचा फोटो पाठवला. पण ते वावर कसतो बटाईदार. बियाणं अर्धं त्याचं, मेहनत पूर्ण त्याची आणि तुकड्यात कापूस कमी आला तर तोटाही निम्मा त्याचाच. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर तो म्हणाला, "मालक हो म्हनते तं मी नाई कसा म्हनू?"

हे वाक्य संशोधनाच्या नीतिमत्तेतल्या जवळजवळ सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त शिकवतं, असं माझं मत आहे. माणसांवरच्या प्रयोगांसाठीच्या १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेचा पहिलाच मुद्दा स्वेच्छेच्या संमतीचा आहे. स्वेच्छा म्हणजे नाही म्हणता येणं. ज्याला नाही म्हणणं परवडत नाही त्याच्या होकाराला काय अर्थ? दुसरी गाठ याहून घट्ट होती. सातपैकी पाच शेतकऱ्यांची कृषी केंद्रावर उधारी होती. बियाणं, खत, औषध सगळं कापूस विकल्यावर फेडायच्या बोलीवर. प्रयोगाचा प्रस्ताव घेऊन आलेला माणूसच सावकार. पुढच्या जूनमध्ये त्याच्याच दारात उभं राहायचं आहे, हे मनात ठेवून कोण नकार देईल?

उपाय साधे होते, पण ते कुणीतरी सुचवावे लागले. संमतीची बैठक दुकानदार नसताना झाली. कुणी भाग घेतला, कुणी नाही, हे दुकानाला कळवायचं नाही असं ठरलं. बटाईदाराशी वेगळं, त्याच्या घरी बोलणं झालं, आणि तुकड्याच्या तोट्याची हमी त्याच्या वाट्यालाही लावली. हमीचा हिशोब असा: दोन गुंठ्यांत फार तर ३० ते ३५ किलो कापूस. किलोला ७५ रुपये धरले तरी अख्खा तुकडा अडीच हजारांच्या आसपास. एखादा तुकडा त्याच वावरातल्या सर्वांत चांगल्या तुकड्यापेक्षा जितका कमी येईल, तेवढ्या कापसाचे पैसे गट देणार. ही रक्कम शेकड्यांत जाते, हजारांत नाही. त्यामुळं ही हमी लालूच ठरत नाही. फक्त तोटा भरून निघतो.

औषधांच्या चाचणीला नोंदणीकृत नैतिकता समिती लागते, आणि आरोग्य संशोधनासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. गटानं आपल्या वावरात पिकावर केलेल्या अशा प्रयोगाला मात्र कुणी दार अडवून विचारत नाही. म्हणून गटानं स्वतःच तिघांची एक छोटी समिती नेमली: निवृत्त मुख्याध्यापक, एक आशा ताई आणि प्रयोगात नसलेला एक शेतकरी. दुकानदाराच्या नात्यातलं कुणी नको, एवढीच अट.

बिनदवाईचा तुकडा

नुसत्या पाण्याच्या तुकड्यावर कुरकुर शेवटपर्यंत राहिली. "हे बिनदवाईचं माह्याच वावरात काहून?" असं प्रत्येकानं एकदा तरी म्हटलं, जरी तो तुकडा सातही वावरांत होता. तुलनेसाठी काहीतरी मागं ठेवावं लागतं, हे बुद्धीला पटतं, पण रोज धुऱ्यावरून जाताना पिवळट पराटी दिसली की जीव कासावीस होतो.

विदर्भातलाच एक मोठा दाखला इथं आठवतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं घरोघरी नवजात बालकांच्या काळजीचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित बायका ही सेवा देत होत्या आणि ४७ गावं तुलनेसाठी होती. १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षं आधी दोन्ही भागांची आधाररेषा मोजली, मग सेवा सुरू केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. वाटप चिठ्ठ्यांनी नव्हतं, आणि एकाच गावात एका बाळाला सेवा द्यायची व शेजारच्याला नाही असंही नव्हतं. एकक गाव हेच होतं. तुलनेच्या गावांत सरकारी आरोग्यसेवा चालूच होती. नियंत्रण गट म्हणजे वाऱ्यावर सोडलेली माणसं नव्हेत: सध्या जे मिळतं ते त्यांना मिळत राहिलं पाहिजे. तिथं प्रश्न बाळांच्या जिवाचा होता, इथं दोन गुंठ्यांतल्या कापसाचा. दोन्हींना एका पारड्यात घालायचं कारण नाही. पण नियम तोच लागू होतो. पाण्याच्या तुकड्याला नेहमीचं खत, नेहमीची डवरणी, नेहमीचं कीडनियंत्रण सगळं मिळायचं. वजा फक्त ज्याची परीक्षा चालली आहे ते.

ऑक्टोबरात याची कसोटी लागली. दोन वावरांत कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री आठच्या वर गुलाबी बोंडअळीचे पतंग सापडले, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली. विद्यार्थिनीच्या मनात क्षणभर आलं की आता औषध मारलं तर प्रयोग बिघडेल. कागद काढून पाहिला तर उत्तर लिहिलेलं होतं: प्रयोगासाठी कुणाचंही पीक किडीच्या तोंडी द्यायचं नाही, फवारायचं ते त्या वावरातल्या तिन्ही तुकड्यांवर एकाच दिवशी, एकाच मात्रेत. वावर हाच ठोकळा असल्यामुळं आतली तुलना शाबूत राहिली. चांगली आखणी असेल तर माणुसकीनं वागायला जागा राहते, ती अशी.

पंपात काय आहे

सर्वांत लांबलेली बैठक यावर झाली. आराखड्यात लिहिलं होतं की तीन कॅनवर फक्त ‘क’, ‘ख’, ‘ग’ अशी अक्षरं असतील, म्हणजे कुठल्या तुकड्यावर काय पडलं हे कुणालाच कळणार नाही आणि वजन करताना कुणाचा हात जड होणार नाही. पुस्तकाप्रमाणं उत्तम. याला आंधळी चाचणी म्हणतात आणि त्यामागचं कारण खरं आहे: टॉनिकचा तुकडा कुठला हे माहीत असलेला माणूस तिथं शेवटचं बोंडही खुडून घेतो.

फवारणीचं काम ज्यांच्याकडं होतं त्या दोघा मजुरांपैकी एकानं विचारलं, "त्या कॅनीत काय हाय ते मले ठावं नाई, अन् मी पाठीवर घेऊन फिरू?"

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. पराटी डोक्याच्या वर गेलेली, कीड जबर, वेगळीवेगळी औषधं एकत्र कालवलेली, जोरानं फवारणारे पंप, तोंडावर फार तर दुपट्टा. फवारणीतल्या विषबाधेनं माणसं गेली, कित्येक आठवडे दवाखाने भरलेले होते, आणि त्यांत मजूर बरेच होते. अशा जिल्ह्यात मजुराच्या पाठीवर नाव नसलेला कॅन देणं आणि त्याला वैज्ञानिक काटेकोरपणा म्हणणं, हे मला तरी अश्लाघ्य वाटतं.

यावर ‘टॉनिकच तर आहे, विष थोडंच’ असं उत्तर आलं. ते पुरेसं नाही. जैवउत्तेजकं, म्हणजे अशी पीक टॉनिकं, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. बाटलीवर काय छापलं पाहिजे याचे नियम आहेत. पण ‘जैविक’ म्हणून विकलेल्या मालात रासायनिक कीटकनाशक निघाल्याच्या तक्रारी बाजाराला नव्या नाहीत. बाटली आणून पाहिली, तेव्हा घटकांचा तक्ता होता, तो फोटो काढून ठेवला. तो नसता तर प्रयोग तिथंच थांबवायचा, असं समितीनं आधी ठरवलेलं होतं.

मग तोडगा निघाला तो ‘आंधळं नेमकं कुणाला ठेवायचं’ असं विचारल्यावर. फवारणाऱ्याला आंधळं ठेवून फायदा काय? त्याचा वजनाशी संबंध नाही, आणि टॉनिकच्या वासानं त्याला तसंही कळणारच. आंधळे हवेत ते वेचणारे आणि काट्याजवळचे. म्हणून फवारणाऱ्यांना तिन्ही कॅनमध्ये काय आहे ते तोंडी सांगितलं, बाटली दाखवली, हातमोजे, मास्क आणि चष्मा पाण्याच्या फेरीलाही सक्तीचा केला, म्हणजे अवजारांवरूनही कुणाला ओळख पटू नये. कुठल्या तुकड्यावर काय, याची यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद लिफाफ्यात राहिली. कुणाला त्रास झाला तर ती दिवसरात्र कधीही फोडायची, आणि त्यांचा फोन नंबर दोघा मजुरांकडं. फवारणी झाल्या दिवसापासून वजन होईपर्यंत त्या दोघांनी वेचणीच्या जागी यायचं नाही, एवढं त्यांच्याकडून मागितलं. त्यांनी ते हसत मान्य केलं. वेचणीला तसंही बाया जातात.

वेचणी

वेचणीचा हिशोब किलोवर असतो. हात चालेल तितका पैसा. प्रयोगाच्या वावरात मात्र एक तुकडा संपवायचा, कमरेची ओटी पूर्ण रिकामी करायची, पोत्याला चिठ्ठी लावायची, मग दुसऱ्या तुकड्यात शिरायचं. कडेची तासं वेगळी, मधली वेगळी. पहिल्याच दिवशी बायांच्या लक्षात आलं की रोजच्या मानानं कापूस बराच कमी होतोय. आराखड्यात त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती. शेतकऱ्याला हमी होती, मजुराला मास्क होता, आणि प्रयोगाचं सगळं मोजमाप ज्यांच्या बोटांवर उभं होतं त्यांची मजुरी मात्र प्रयोगानंच कापली जात होती.

माणसांवरच्या संशोधनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९७९ च्या अमेरिकी बेल्मॉन्ट अहवालात व्यक्तीचा आदर आणि हित यांच्या जोडीनं तिसरं तत्त्व न्यायाचं आहे: ओझं कुणावर आणि लाभ कुणाला. टॉनिक चांगलं निघालं तर लाभ शेतकऱ्याला, दुकानदाराला; वेचणारीला काहीच नाही. दुपारी बायांनी काम थांबवलं तेव्हा गटानं किलोचा हिशोब सोडून प्रयोगाच्या दिवसांपुरती पूर्ण रोजी कबूल केली, आणि पहिल्या दिवसाचा फरकही भरला.

रोजी कबूल करण्याचा एक न ठरवलेला फायदा झाला. किलोवर वेचताना घाईत कवडी (बोंडाला चिकटलेला हलका कापूस) राहते, आणि जिथं बोंडं दाट तिथं हात जास्त रेंगाळतो. म्हणजे चांगल्या तुकड्यातला कापूस जास्त निघतो आणि फरक फुगतो. रोजीवर तिन्ही तुकडे सारखेच स्वच्छ निघाले.

दंवाचं मात्र आधीच ध्यानात आलं होतं. सकाळी वेचलेला कापूस ओला असतो आणि जास्त भरतो. सरकारी कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, खरेदीतही ८ ते १२ टक्के ओलाव्याची मर्यादा त्यासाठीच असते. म्हणून आधी कुठला तुकडा वेचायचा याचीही चिठ्ठी काढली आणि तिन्ही पोती ऊन दाखवून संध्याकाळी एकाच काट्यावर तोलली.

निकाल

तिन्ही वेचण्या मिळून, दोन गुंठ्यांतला कापूस, किलोमध्ये:

| वावर | पाणी | १९:१९:१९ | १९:१९:१९ + टॉनिक |
|---|---|---|---|
| १ | ३४ | ३६ | ३७ |
| २ | २९ | ३२ | ३१ |
| ३ | २२ | २३ | २४ |
| ४ | ३८ | ३९ | ४१ |
| ५ | ३१ | ३४ | ३३ |
| ६ | २६ | २७ | २६ |
| ७ | ३३ | ३५ | ३६ |
| एकूण | २१३ | २२६ | २२८ |

आधी पाण्याचा स्तंभ वरून खाली पाहा. २२ पासून ३८ पर्यंत. काहीही न देता दोन वावरांत १६ किलोंचा फरक पडतो. प्रात्यक्षिकात नाल्याची बाजू का महत्त्वाची होती ते इथं दिसतं.

आता आडवं वाचा. पाण्याच्या तुलनेत टॉनिकच्या तुकड्यांना एकूण १५ किलो जास्त, म्हणजे ७ टक्के वाढ. दुकानदाराचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या १५ पैकी १३ किलो एकट्या १९:१९:१९ नं दिले. ते खत सातही वावरांत पाण्यापेक्षा पुढं राहिलं. खतात काही दम नसता तर सातही वेळा तेच पुढं पडण्याची शक्यता १२८ मध्ये एक. टॉनिक मात्र खताच्या पुढं चार वावरांत गेलं आणि तीन वावरांत मागं पडलं. सरासरी काढली तर एकरी पावणेसहा किलो, म्हणजे सव्वाचारशे रुपयांच्या आसपास. टॉनिकचा खर्च एकरी ७०० रुपये.

‘टॉनिक निकामी आहे’ असं मात्र यातून सिद्ध होत नाही. सात वावरांच्या चढउतारावरून ९५ टक्के विश्वासमर्यादा काढली तर टॉनिकचा एकट्याचा परिणाम एकरी सुमारे १७ किलो तोट्यापासून २९ किलो फायद्यापर्यंत कुठंही असू शकतो. लहान प्रयोगाची हीच मर्यादा. गटाला हवं होतं ते उत्तर मात्र मिळालं: या पुराव्यावर सगळ्यांनी मिळून खरेदी करावी असं काही दिसत नाही.

सहाव्या वावराची गोष्ट वेगळी. लिफाफा फुटल्यावर तिथल्या आजोबांनी सांगितलं की उरलेला टॉनिकचा पंप त्यांनी पाण्याच्या तुकड्यावर मारला होता: "उपाशी ठेवल्यावानी वाटे." मग हे वावर गाळायचं का? गाळलं नाही. चिठ्ठीनं ज्या तुकड्याला जे दिलं त्याच रकान्यात त्याचं वजन राहिलं, आणि खाली टीप लिहिली. सोयीनं वावरं गाळायची मुभा एकदा घेतली की चिठ्ठ्यांचा सगळा खटाटोप फुकट जातो. ते वावर सोडून हिशोब केला तरी निष्कर्ष बदलत नाही, हेही टिपेत आहे. आजोबांना कुणी रागावलं नाही. त्यांना हमीची रक्कम मिळाली, दोन तुकड्यांत एकेक किलो कमी म्हणून दोन किलोंचे १५० रुपये.

नंतर

निकाल काहीही आला तरी गटाच्या बैठकीत पूर्ण तक्ता वाचायचा, हे दुकानदाराकडून सुरुवातीलाच लिहून घेतलं होतं. टॉनिकच्या बाटल्या त्यानं फुकट दिल्या होत्या. बाकी खर्च गटाचा. तक्ता वाचून झाल्यावर त्यानं एक विनंती केली. वावर १, ३, ४ आणि ७ यांचेच आकडे पोस्टरवर छापू द्या. त्या चार वावरांत टॉनिक खताच्याही पुढं आहे, आणि फरक एकरी २५ किलोंचा निघतो. एकही आकडा खोटा नाही. गटानं सांगितलं, छापायचं तर सातही छापा, नाहीतर गावाचं नाव घालू नका. पोस्टर निघालं नाही. दोघा शेतकऱ्यांची उधारी त्या वर्षी जरा लवकर मागितली गेली; त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, यावर गावात दोन मतं आहेत.

वर्गात इथं हमखास वाद होतो. विद्यार्थ्यांपैकी काहीजण म्हणतात, दुकानदाराला घ्यायलाच नको होतं. मला ते पटत नाही. त्याच्याशिवाय बाटली आली नसती आणि प्रश्नही आला नसता. हितसंबंध असलेला माणूस चालतो, तो वजनकाट्यापासून आणि संमतीच्या बैठकीपासून लांब असला म्हणजे झालं. उधारीच्या दडपणाला मात्र गटाकडं आजही उत्तर नाही, आणि ते प्रयोगाच्या आखणीतून येणारही नाही.

पुढच्या खरिपासाठी प्रश्न बदलला आहे. १९:१९:१९ नं एकरी ३७ किलो दिले. पण त्यातून खताचा आणि फवारणीच्या मजुरीचा खर्च वजा जातो; प्रयोगात पाण्याच्या तुकड्यालाही मजुरी लागलीच होती, म्हणून ती तुलनेत दिसत नाही. फुलोऱ्यात २ टक्के युरियाचा फवारा, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम, हेच काम स्वस्तात करतो का, ते आता पाहायचं आहे. आराखडा लिहायला बसताना यावेळी वेचणीच्या दोघी जणी बैठकीला होत्या. त्यांनी दोन गोष्टी लिहून घेतल्या: रोजी आधी ठरेल, आणि तिसऱ्या वेचणीला तुकडे वेगळे ठेवायचे असतील तर पोती धुऱ्यापर्यंत वाहायला माणूस गट देईल.